विजयाच्या कारखान्यात कामगारांना आधी काय शिकवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वसईच्या एका गाळ्यात आयुर्वेदिक परवान्यावर विजयाचं, म्हणजे भांगेच्या पाल्याचं, औषधी तेल बनतं. ऑफिस आणि डिस्पॅच अंधेरीला, माणसं तीसेक. विचारणारे क्वालिटीत नव्याने रुजू झालेत. मालकांना कुणीतरी अमेरिकेतला ऑनलाइन कोर्स सुचवलाय. सगळ्यांनी तो करून प्रमाणपत्रं फाइलला लावली की कम्प्लायन्स ट्रेनिंग पूर्ण झालं, असं धरायचं का? आणि नसेल तर कुणाला काय शिकवायचं?

नाही, पूर्ण झालं असं धरू नका. मुंबई-ठाणे पट्ट्यातल्या औषध कारखान्यांत मी क्वालिटीचं काम करत आले. त्यातला बराच काळ मॉर्फिन-पेथिडीनसारख्या औषधांच्या कुलूपबंद स्टोअरवर देखरेख करण्यात गेला आणि आता विजयाच्या युनिट्सना ट्रेनिंग देते. या सगळ्या अनुभवावरून एकच गोष्ट ठामपणे सांगते. या उद्योगात कामगाराला सगळ्यात आधी शिकवायचं ते हे, की वजनाचा मेळ बसला नाही तर दिसतंय ते वजन जसंच्या तसं लिहायचं आणि लगेच सांगायचं. बाकीचं ट्रेनिंग यानंतर. आणि ते सांगितल्याबद्दल त्याला कुणी ओरडणार नाही, ही सोय तुम्ही आणि मालकांनी करायची.

कारण समजण्यासाठी कायदा थोडा उलगडून बघू. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थविरोधी, कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळं धरलेले शेंडे. शेंड्यांची सोबत नसलेली पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. चरस म्हणजे झाडापासून वेगळी केलेली राळ. मुंबई उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये एका जामीन अर्जात पाला आणि शेंडे यांतल्या याच फरकावर बोट ठेवलं. तुमचा सगळा उद्योग या फरकावर उभा आहे. आणि पाला गांजाच्या व्याख्येत नाही म्हणून तो मोकळा आहे, असंही नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली परवान्याशिवाय भांग बनवता, बाळगता येत नाही, म्हणजे राज्य उत्पादन शुल्क विभाग आला. औषधाचा परवाना अन्न व औषध प्रशासनाचा. औषध नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये बिया सोडून भांग विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, म्हणून लेबलवर ‘वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे’ ही सूचना इंग्रजी आणि हिंदी दोन्हींत लागते. पॅकिंगच्या बाईंना ही सूचना कुठल्या कारणाने आहे हे माहीत असेल, तर ती नसलेलं लेबल त्या स्वतःच थांबवतील. मी हे होताना पाहिलंय.

आता गोणीकडे या. गांजाची व्यापारी मात्रा २० किलोच्या वर सुरू होते, आणि पाल्याची गोणी बहुतेक ठिकाणी २५ किलोची असते. गोणीत शेंडे मिसळलेले निघाले, तर एका गोणीवरच किमान १० आणि कमाल २० वर्षांच्या शिक्षेचं कलम लागू शकतं, आणि तिथे जामीनही सहज मिळत नाही. एवढी मोठी गोष्ट गोणी उघडणाऱ्या हेल्परच्या नजरेवर अवलंबून आहे, आणि बहुतेक ठिकाणी ट्रेनिंगच्या यादीत त्याचंच नाव नसतं.

त्याला वर्गात बसवून हे कळणार नाही. पांढऱ्या कागदावर पाला पसरा. सुटं पान कसं दिसतं, देठ कसा दिसतो, शेंडा कसा चिकट, दाट आणि बारीक पानांत गुंडाळलेला असतो, हे मोठ्या फोटोंवर दाखवा. शेंड्याचा नमुना ट्रेनिंगसाठी म्हणून जवळ ठेवू नका, त्याला परवानगी लागते. मग मुख्य गोष्ट शिकवा. गोणीत शेंडे दिसले तर ते वेचून बाजूला काढायचे नाहीत. चांगला कामगार माल साफ करायला जातो, ती त्याची सवयच असते. पण वेचलेले शेंडे हातात आले की तो माणूस गांजा हातात घेऊन उभा असतो. गोणी आहे तशी बंद करायची, वेगळ्या जागी ठेवायची, लाल टॅग लावायचा, सील नंबर लिहायचा आणि सुपरवायझरला बोलवायचं. पुढे पुरवठादार, उत्पादन शुल्क विभाग, वकील हे सगळं कंपनी बघेल. त्या हेल्परचं काम तिथे संपलं.

आता वजन. आमच्या कोकणपट्टीत एक अडचण अशी आहे, जी परदेशी कोर्समध्ये असणारच नाही: पावसाळा. उदाहरण घ्या. कोरड्या हवेच्या मुलखातून पाला निघाला तेव्हा त्यात ८ टक्के ओलावा होता आणि गोणी २५ किलो भरली. म्हणजे कोरडा माल २३ किलो. तीच गोणी जुलैत वसईच्या गाळ्यात चार दिवस उघडी-अर्धवट राहिली आणि ओलावा १२ टक्क्यांवर गेला, तर काटा २६ किलोच्या वर दाखवेल. कुणी काही आणलं नाही, कुणी काही नेलं नाही, तरी किलोभर माल वाढला. हाच पाला पुढे ड्रायरमधून निघाला की त्याचं वजन दोनेक किलोंनी घटू शकतं.

या ठिकाणी मी वारंवार बघितलेली सवय सांगते. काट्यावरचा माणूस वाढीव किलो लिहीत नाही. चलनावर २५ आहे म्हणून रजिस्टरला २५ लिहितो आणि जास्तीचा पाला पिशवीत बांधून ठेवतो, पुढे कुठे तूट आली तर भरून काढायला. त्याच्या मनात चोरी नसते. साहेबांना त्रास नको, हिशेब गोड दिसावा, एवढंच असतं. पण त्या पिशवीची कुठेच नोंद नाही. तपासणीत ती सापडली तर तिचं उत्तर कुणाकडेच नसतं. एनडीपीएसच्या परवान्यावर काम चालत असेल तर कलम २६ इथे थेट लागतं: हिशेब न ठेवणं किंवा चुकीचा आहे हे माहीत असून ठेवणं यासाठी परवानाधारकाला, तसंच त्याच्या वतीने काम करणाऱ्या नोकरालाही तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ‘नोकरालाही’ हा शब्द कामगारांना वाचून दाखवा. शिवाय याच कायद्याचं कलम ३५ असं, की न्यायालय आरोपीचा हेतू होता असंच धरून चालतं, हेतू नव्हता हे आरोपीने सिद्ध करायचं. तुमचा परवाना दुसऱ्या कायद्याखालचा असला तरी शिस्त याच मापाची ठेवा, कारण माल व्याख्येत बसतो की नाही हा वाद कुठल्याही दिवशी उभा राहू शकतो, आणि त्या दिवशी कामगाराच्या बाजूने बोलणारी गोष्ट म्हणजे त्याने त्या वेळी लिहिलेला खरा आकडा.

म्हणून रजिस्टरमध्ये चलनाचं वजन, काट्याचं वजन आणि ओलाव्याची टक्केवारी असे तीन वेगळे रकाने ठेवा. फरक किती टक्क्यांपर्यंत चालेल ते स्वतःच्या मागच्या बॅचेस बघून लिखित ठरवा. त्यापलीकडे गेला की काम थांबवून तपास. खाडाखोड करायची झाली तर एक रेघ, सही, तारीख. व्हाइटनर कारखान्यात दिसताच कामा नये.

हे ट्रेनिंग काट्याजवळच द्या, एका वेळी चार-पाच माणसं घेऊन. गोणीत मुद्दाम अर्धा किलो कमी ठेवा आणि बघा कोण काय लिहितो. जो २४.५ लिहून हाक मारेल त्याला सगळ्यांसमोर शाबासकी द्या. जो २५ लिहील त्याला रागावू नका, विचारा, ‘दादा, बाकीचा अर्धा किलो कुठे गेला म्हणून सही केलीत?’ माझा अनुभव असा, की एवढा एक प्रश्न तासाभराच्या भाषणापेक्षा जास्त पोहोचतो.

चोथ्याचंही तसंच. अर्क काढल्यावर उरलेला चोथा कचरा वाटतो, आणि हाउसकीपिंगच्या मावशी तो इतर कचऱ्याबरोबर महापालिकेच्या गाडीत टाकतात. त्यात औषधी घटक थोडे का होईना शिल्लक असतात. त्याचं वजन करायचं, वापरता येणार नाही असा करून टाकायचा, दोन माणसांच्या सहीने नष्ट केल्याची नोंद करायची. त्या मावशींना ट्रेनिंगच्या यादीत घ्या. कंत्राटी म्हणून सोडून देऊ नका. तीच गोष्ट गेटवरच्या वॉचमनची, टेम्पोच्या ड्रायव्हरची आणि माथाड्यांची.

तेलाबद्दल एक गैरसमज हमखास असतो. ‘एवढ्याशा बाटलीत टीएचसी (भांगेतला नशा आणणारा घटक) असं कितीसं असणार?’ २००९ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार मात्रा मोजताना मिश्रणाचं पूर्ण वजन धरतात, नुसत्या शुद्ध घटकाचं नाही, आणि २०२० मध्ये हीरा सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे ग्राह्य धरलं. टीएचसीची अल्प मात्रा २ ग्रॅम, व्यापारी ५० ग्रॅम. ३० मिलीच्या दोन बाटल्यांतलं तेलच ५० ग्रॅमच्या वर जातं. परवान्याच्या साखळीत, बिलावर, लेबलसह असलेली बाटली हे औषध आहे. लेबल न लागलेली, रिजेक्ट झालेली, आईचे गुडघे दुखतात म्हणून खिशात टाकलेली बाटली कशात मोजली जाईल हे कामगाराच्या हातात राहत नाही. हे कामगारांना शांतपणे, आकड्यांनिशी सांगा. आणि त्याच वेळी कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना वैद्यांच्या चिठ्ठीवर, रीतसर बिलाने, सवलतीत औषध मिळण्याची सोय करा. गरज खरी असते. सरळ मार्ग दिला नाही तर वाकडा सापडतोच.

लॅबच्या नमुन्यांचं बघा. एका युनिटमध्ये (नाव घेत नाही) नमुना अंधेरीच्या लॅबला पोचवायला एका ट्रेनी मुलाला विरार लोकलने पाठवत. डब्याच्या पिशवीत झिपलॉकची थैली, सोबत एकही कागद नाही. पोरगा एकवीस-बावीस वर्षांचा. प्लॅटफॉर्मवर कुणी पिशवी उघडायला सांगितली असती तर तो काय दाखवणार होता? मी तो प्रकार त्याच दिवशी बंद करायला लावला. नमुना सीलबंद, वजन लिहिलेला, कंपनीच्या पत्रासह, परवान्याच्या प्रतीसह आणि ठरलेल्या वाहनानेच जायला हवा. कुणी वरिष्ठाने दुसरं काही सांगितलं तर नाही म्हणायचा हक्क कामगाराला आहे, हे ट्रेनिंगमध्ये मालकांच्या तोंडून येऊ द्या. तुमच्या तोंडून आलं तर त्याला तेवढं वजन नाही.

आता अमेरिकन कोर्सबद्दल. तो वाईट नाही, पण त्यातला बराच भाग तिकडच्या गांजाच्या दुकानांसाठी असतो: एकवीस वर्षांची अट, ग्राहकाचं ओळखपत्र, त्या-त्या राज्याची संगणकीय नोंदप्रणाली. तुमच्या माणसांना त्याचा उपयोग नाही, उलट त्यातले नियम आपलेच समजून गोंधळ होतो. त्यातून घ्यायचा तो कामगाराच्या प्रकृतीचा भाग. कॅलिफोर्नियात परवानाधारकाला एक सुपरवायझर आणि एक कामगार अशा दोघांना तीस तासांचं सुरक्षा प्रशिक्षण द्यावं लागतं, ते उगाच नाही. जानेवारी २०२२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या होल्योक इथे गांजाच्या एका कारखान्यात दळण्या-भरण्याचं काम करणाऱ्या २७ वर्षांच्या मुलीचा कामावर दम्याचा झटका येऊन मृत्यू झाला. सीडीसी या तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने २०२३ मध्ये त्याचा अहवाल दिला, त्यात हा कामातूनच जडलेला दमा होता असं नोंदवलंय. तिला त्रास आधी काही महिने होत होता.

तुमच्याकडेही पाला दळला जातो. दळणाच्या खोलीत धूळ ओढून घेणारी यंत्रणा लागते, चांगल्या बसणाऱ्या एन-९५ची सोय लागते, आणि कोरड्या झाडूला बंदी. पुसायचं ते ओल्या फडक्याने. कामगारांना लक्षण ओळखायला शिकवा: कामावर नाक गळतं, खोकला येतो, छाती भरल्यासारखी वाटते, अंगावर पुरळ येतं आणि सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं. असं असेल तर ‘पावसाळी सर्दी आहे’ म्हणून अंगावर काढायचं नाही. मुंबईत जून ते सप्टेंबर प्रत्येक जण खोकतो, म्हणून हे सहज नजरेतून सुटतं. सुट्टीला बरं, कामावर परत त्रास, ही खूण पक्की लक्षात राहू द्या. त्या माणसाला दळणाच्या कामावरून लगेच हलवा आणि डॉक्टरांकडे न्या. पगार कापू नका, नाहीतर पुढचा माणूस सांगणार नाही.

अर्क काढायला इथेनॉल वापरत असाल तर एक आकडा पुरे. त्याच्या वाफा साधारण १३ अंश सेल्सिअसपासूनच ठिणगीने पेट घेऊ शकतात. वसईची हवा जवळजवळ बारा महिने याच्यापेक्षा गरम असते, म्हणजे उघडं भांडं कधीच सुरक्षित नाही. अर्काच्या खोलीत मोबाइल नाही, साधा पंखा नाही, चार्जर नाही. अर्क कार्बन डायऑक्साइडने काढत असाल तर तो हवेपेक्षा जड, खाली साचतो. बेशुद्ध सहकाऱ्याला उचलायला वाकणारा दुसरा माणूसही पडतो. आधी बाहेर पळायचं, मग मदत बोलवायची.

अंधेरीच्या ऑफिसातल्या मुलींचं ट्रेनिंग वेगळं घ्या, आणि ते तितकंच गंभीरपणे घ्या. फोनवर रडणारा माणूस विचारतो, ‘बाबांना कॅन्सर आहे, याने बरा होईल ना?’ १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याच्या यादीत कॅन्सर आहे, मधुमेह आहे, बरा होईल असा दावा करता येत नाही. पण मुलीला कायद्याचं कलम सांगून भागत नाही, तिला बोलायचं वाक्य हवं असतं. मी हे देते: ‘दादा, बरं होईल असं मी सांगू शकत नाही. हे औषध वैद्य तुमचे रिपोर्ट बघून देतात, मी त्यांच्याशी वेळ ठरवून देते. आत्ता चालू असलेली गोळी-इंजेक्शनं मात्र आपल्या मनाने थांबवू नका.’ हे वाक्य फोनशेजारी चिकटवा.

एपिलेप्सीबद्दल त्या इंटरनेटवर वाचतात की अमेरिकेत २०१८ मध्ये सीबीडीच्या, म्हणजे भांगेतल्या नशा न आणणाऱ्या एका घटकाच्या, औषधाला मान्यता मिळाली. खरं आहे, पण ती मान्यता शुद्ध सीबीडीच्या एका ठराविक औषधाला, ड्राव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या एपिलेप्सीच्या विशिष्ट आजारांसाठी होती. तुमच्या तेलाला ती लागू होत नाही. उलट एक प्रश्न प्रत्येक रुग्णाला विचारायला शिकवा: सध्या कोणती औषधं चालू आहेत? सीबीडीमुळे क्लोबाझाम या फिट्सच्या औषधाचा सक्रिय घटक रक्तात वाढतो आणि वॉरफॅरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्याचं रक्त जास्त पातळ होऊ शकतं. ही दोन नावं कानावर आली की फोन थेट वैद्यांकडे. रुग्णाच्या चिठ्ठीचा फोटो स्वतःच्या व्हॉट्सअ‍ॅपवर घ्यायचा नाही, कंपनीच्या फोनवरच घ्यायचा.

तुम्ही भांगेच्या बियांचं खाद्यतेलही विकत असाल तर डिस्पॅचला दोन्हींची कपाटं वेगळी करा. बियांचं तेल हे एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) २०२१ च्या नियमाखालचं अन्न आहे. त्यात टीएचसी ठरलेल्या मर्यादेच्या आत लागतं, आणि लेबलवर सीबीडीबद्दल दावा चालत नाही. औषधाचं माहितीपत्रक चुकून त्या खोक्यात गेलं की अन्नाचं औषध म्हणून विक्री केल्यासारखं होतं.

अधिकारी आले तर काय, याची एकदा रंगीत तालीम करा. वॉचमनने ओळखपत्र बघायचं, नाव-वेळ लिहायची, अडवून ठेवायचं नाही, जबाबदार व्यक्तीला फोन लावायचा. परवान्यांची फाइल कुठे आहे हे रात्रपाळीच्या माणसालाही माहीत हवं, आणि त्या कपाटाची किल्ली एकट्या मालकांच्या घरी नको. कुणीही काही लपवायचं नाही, फाडायचं नाही, फोनवरून पुसायचं नाही. विचारलं तेवढं खरं सांगायचं, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. न वाचलेल्या कागदावर सही करायची नाही. कागद इंग्रजीत असेल तर मराठीत वाचून दाखवा म्हणायचा हक्क आहे. अंगझडती घ्यायची म्हटलं तर राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर घ्या असं मागण्याचा हक्क कलम ५० देतं, हे त्यांना सांगून ठेवा.

राहिली प्रमाणपत्रांची फाइल. ती ठेवा, पण साधी ठेवा. प्रत्येक माणसाचं एक पान, मराठीत किंवा हिंदीत, त्याला वाचता येईल त्या भाषेत. त्यावर ‘उपस्थित होता’ असं नको, त्याने काय करून दाखवलं ते लिहा: गोणीचं वजन केलं, फरक लिहिला, लाल टॅग लावला. खाली त्याची सही आणि बघणाऱ्याची सही. नवीन माणसाचं हे पान भरेपर्यंत त्याला स्टोअरच्या आत सोडू नका, कितीही घाईची ऑर्डर असली तरी. कामाची पद्धत बदलली की पान नव्याने भरा. आणि पावसाळ्याआधी, मेच्या शेवटी, काट्याचं ट्रेनिंग सगळ्यांचं परत घ्या, जुन्या माणसांचंही.